फोटो काढणारीचा फोटो

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एक आजी गेल्या. आमच्या बचत गटातल्या सगळ्यात जुन्या सभासद. तेराव्याच्या दोन दिवस आधी रात्री त्यांचा मुलगा दारात उभा. "ताई, तुमच्या मोबाईलमधी आईचा एखादा फटू आसंल का?" घरात फक्त आधार कार्डावरचा होता, आणि तो मोठा केला की चेहऱ्याऐवजी नुसते काळे ठिपके दिसत होते. माझ्याकडे एक होता. गटाच्या बैठकीचा, पंधरा जणींचा. दुसऱ्या ओळीतून आजींचा चेहरा वेगळा काढला, फ्रेम झाली, हार चढला. शेजारणीचा अर्धा खांदा मात्र त्या फोटोत तसाच राहिला.

मैत्रिणींनो, आपल्या घरचा अल्बम एकदा काढून बघा. लग्न, बारसं, जावळ, रेणुकामातेच्या दर्शनाला गेलेलो ते, सगळं असतं. आपण असतो त्या पंगतीत वाढताना, पाठमोऱ्या. नाहीतर "जरा पदर नीट घे" म्हणून ताठ उभ्या केलेल्या.

आमच्या जिल्ह्याला याचं दुःख जरा जास्तच ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. पुढे गटांच्या कामाला लागल्यावर औसा तालुक्यातल्या एक बाई एका मेळाव्यात भेटल्या. म्हणाल्या, "घर सरकारनं दिलं, भांडी लोकांनी दिली. माझ्या मायचं तोंड कोण देईल?" दगडमातीच्या भिंतीखाली माय गेली आणि तिचा एकुलता एक फोटोही गेला. त्यांना आता मायची नथ आठवते, चेहरा धड आठवत नाही.

आजींच्या तेराव्यानंतर हे सगळं मनात घोळत होतं. पुण्याच्या भाचीशी फोनवर बोलले, तर तिने मोबाईलवर एक लेख पाठवला. "मावशी, ही तुझ्यासारखीच घरातली बाई होती, वाच." लेख मनोबीना रॉय यांच्यावर होता. नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या यजमानांचं मात्र आपल्या सगळ्यांना माहीत आहे: 'दो बिघा जमीन', 'मधुमती', 'बंदिनी' काढणारे बिमल रॉय.

मनोबीना आणि देबलीना या जुळ्या बहिणी, जन्म १९१९ चा. काशीच्या पलीकडे, गंगेच्या दुसऱ्या काठावर रामनगर आहे, तिथे वाढल्या. वडील शिक्षक आणि फोटोग्राफीचे वेडे. बाराव्या वाढदिवसाला त्यांनी दोघींना एकेक कॅमेरा दिला. १९३१ साली, मुलींना! आमच्याकडे अजून बाप मुलीला सायकल देतो, तीही शाळा लांब असेल तर. नुसता कॅमेरा देऊन ते थांबले नाहीत. डार्करूमचं कामही शिकवलं. लाल दिव्याच्या उजेडात कागद औषधाच्या पाण्यात बुडवायचा आणि कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना बघायचा. तेव्हाच्या पेटी कॅमेऱ्यात एका रोलवर जेमतेम आठ फोटो निघत. त्यामुळे खटका दाबायच्या आधी बघायला शिकावंच लागे.

कलाकारावर कुणाचा प्रभाव, असं आपण विचारतो तेव्हा मोठमोठी परदेशी नावं ऐकायची तयारी असते. इथे पहिला गुरू घरातला बाप, आणि दुसरी, मला वाटतं, बहीण. दोघी एकमेकींचे फोटो काढत. म्हणून या दोघींचे तरुणपणचे सुंदर फोटो आहेत. आपले नाहीत, कारण आपल्याला कॅमेरा धरणारी बहीण नव्हती. यजमानही मुळात कॅमेरामन. १९३५ च्या 'देवदास'चं छायाचित्रण बिमलदांचं होतं. त्यामुळे उजेड कशाला म्हणतात हे त्या घरात वेगळं सांगावं लागलं नसेल.

मनोबीना लग्नानंतर कोलकात्याहून मुंबईला आल्या, संसार केला, मुलं वाढवली आणि फोटो काढत राहिल्या. घरातली माणसं, लेकरं, ओळखीच्या बायका. रवींद्रनाथांचा फोटो काढला, आणि १९५९ मध्ये लंडनला गेल्या तेव्हा रस्त्यावरच्या साध्या माणसांचेही. काही फोटो 'इलस्ट्रेटेड वीकली'त छापून आले. पण स्टुडिओ थाटला नाही, धंदा केला नाही. २००१ मध्ये त्या गेल्या, देबलीना २०१२ मध्ये. मुलाने आईच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे बऱ्याच लोकांना त्या कळल्या.

याच पिढीतल्या होमाई व्यारावाला पेपरसाठी फोटो काढणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. त्यांचा तो व्यवसाय होता, म्हणून नाव झालं, पद्मविभूषण मिळालं. घरातल्या हौसेला कोण विचारतो? आमच्या घरी २००३ मध्ये रोलचा कॅमेरा आला. छत्तीस फोटोंचा रोल. मी परसातल्या तुळशीचा एक काढला तर "रोल वाया घालू नको" असं ऐकून घ्यावं लागलं. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. बरा आलाय हो!

आता मोबाईल आहे, रोल वाया जायची भीती नाही. गटाच्या बैठकीचा ओळीत उभं करून काढायचा फोटो मी एकच काढते, अहवालापुरता. मग घरोघरी जाते. सकाळी नऊच्या आत, उंबऱ्याशी उजेड आडवा येतो तेव्हा. ज्वारी निवडताना, वाती वळताना, नातवाला तेल लावताना. "कशाला गं माय माझा फटू? मरायला टेकले का मी?" म्हणत एकीने तोंडावर पदरच घेतला. मी थांबले. आपलं ती शेंगा फोडायला लागली, मला विसरली, तेव्हा काढला. लातूरहून प्रिंट काढून नेऊन दिली तर बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही तर माझी माय दिसायली." ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलाय तिने.

माझा फोटो कोण काढणार, हा प्रश्न होताच. परवा लेकीला म्हटलं, काढ माझा एक. "थांब, साडी बदलून ये," ती म्हणाली. नको म्हटलं, असाच काढ. परसातल्या चुलीवर भाकरी थापत होते. धुराने एक डोळा मिटलाय, हात पिठाचे, केस विस्कटलेले. तिला तो पुसून टाकायचा होता. मी पुसू दिला नाही.