बुरशीची पेंड, यकृत आणि ताक

खरीप भुईमुगाची काढणी आणि परतीचा पाऊस यांची कराड, पाटण, वाळवा, शिराळा या पट्ट्यात बहुधा गाठ पडतेच. ओल्या शेंगांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी वाढते व अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. खराब दाणे निवडून घाण्यावर जातात. तेल निघाले तरी विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो आणि पेंड गव्हाणीत येते.

या विषाचा मुख्य मारा यकृतावर होतो. इंग्लंडमध्ये १९६० साली ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. आपल्या देशात १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन सुमारे १०० माणसे काविळीने दगावली. गंमत अशी, की विषाला अधिक घातक रूप यकृतच देते. विष बाहेर टाकण्यासाठी यकृत त्याचे रूपांतर करते आणि तेच रूप पेशींतील डीएनएला चिकटते.

मग आतड्यातच विष अडवता येईल का? लॅक्टोबॅसिलस गटातील काही जिवाणूंच्या पेशीभित्तिकेला अफ्लाटॉक्सिन चिकटते व शेणावाटे बाहेर पडू शकते. मेलेले जिवाणूही हे काम करतात, म्हणजे हे पचवणे नव्हे, नुसते धरून ठेवणे आहे; पकड सुटूही शकते. चीनमधील ग्वांगझू येथे ९० तरुणांवर केलेल्या चाचणीत (प्रसिद्धी २००६) पाच आठवडे निवडक जिवाणू दिल्यावर लघवीतील विषाची खूण निम्म्याहून अधिक घटली. पण ही शरीरात शिरलेल्या विषाची मोजणी होती, बिघडलेले यकृत सुधारल्याचा पुरावा नव्हे. शिवाय तेथील जिवाणू ठराविक वाणांचे व मोजून दिलेले होते. घरच्या ताकात कोणते जिवाणू किती, हे विरजणागणिक बदलते. ताक अवश्य प्यावे, औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

तासगाव भागात द्राक्षबागेत फवारणी करून आल्यावर ताक किंवा दूध पिण्याची पद्धत आहे. फवारणीचे औषध मुख्यतः कातडीतून व श्वासातून शिरते; आतड्यातील जिवाणू त्याला काय अडवणार? तेथे हातमोजे, मुखपट्टी आणि साबणाची आंघोळच उपयोगी.

पेंडीबाबतही खरा उपाय खळ्यावरच आहे. उपटलेले वेल शेंगा वर करून पसरावेत. शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे. दाण्यातील ओलावा ८ टक्क्यांच्या आत आल्यावरच पोती भरावीत व लाकडी फळ्यांवर रचावीत. बुरशीचे दाणे घाण्याकडेही पाठवू नयेत. कुबट वासाची पेंड चांगल्या पेंडीत मिसळून खपवू नये, उकळूनही विष जात नाही. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या विषाचा काही अंश दुधात उतरतो. दुधासाठी किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. संशय येताच पेंड बंद करावी. तीन-चार दिवसांत दुधातील अंश बहुतेक नाहीसा होतो.