चार पायांवरचे आयुष्य

महाभारताच्या द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. युद्धवर्णनाच्या ओघात त्याकडे वाचकांचे फारसे लक्ष जात नाही. जयद्रथवधाची प्रतिज्ञा करून अर्जुन निघालेला आहे, सूर्यास्तापूर्वी शत्रूला गाठायचे आहे, एकेक घटका मोलाची आहे. आणि नेमके अशा वेळी रथाचे घोडे बाणांनी विद्ध होऊन आणि तहानेने व्याकूळ होऊन थकतात. मग भर रणांगणात तो रथ थांबतो. अर्जुन बाणाने भूमी भेदून जलाशय निर्माण करतो, सभोवार बाणांचेच घर उभारतो आणि पायउतार होऊन शत्रूला थोपवून धरतो. आत श्रीकृष्ण स्वतः घोडे सोडतो, त्यांच्या अंगातील शल्ये उपसतो, हाताने त्यांना चोळतो, पाणी पाजतो, चारा घालतो. घोडे ताजेतवाने झाल्यावरच रथ पुढे निघतो.

व्यासांना हा प्रसंग गाळता आला असता. त्यांनी तो गाळला नाही, कारण ज्याच्या पायांवर आपण चालतो त्याची जखम ही आपली जखम आहे, हे त्यांना सांगायचे असावे. वाचकहो, आज घोड्याच्या शुश्रूषेविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले, ते याच जाणिवेतून.

आमचा पांढुर्णा-सौंसर परगणा हा मुख्यतः बैलांचा मुलूख. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, पण कापूस, ज्वारी आणि संत्र्यांच्या या काळ्या जमिनीचा खरा मानकरी बैलच राहिला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लागते, गृहिणी त्याच्या पायांवर पाणी घालते आणि पुरणपोळीचा घास भरवते. घोड्याच्या वाट्याला असा सण नाही. टांगे गेले तसा घोडाही वस्तीच्या कडेला गेला. आता त्याची आठवण येते ती लग्नसराईत, नवरदेवाला मिरवण्यापुरती. आणि तरीही मराठी मनात घोड्याची जागा लहान नाही. खंडोबा घोड्यावर बसतो. आषाढीच्या वारीत माउलींच्या अश्वाचे रिंगण झाले की हजारो वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. ज्याच्या पायधुळीला आपण मान देतो, त्याच्या पायाला इजा झाली तर काय करावे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

घोड्याचा पाय मोडला की घोडा संपला, असे जुने लोक म्हणत. त्यात निर्दयपणा होता तसा अनुभवही होता. चारशे-पाचशे किलो वजनाचे हे धूड चार सडपातळ पायांवर तोललेले असते आणि त्यातले निम्म्याहून अधिक वजन पुढच्या दोन पायांवर पडते. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला मांस असे नसतेच. हाड, शिरा, कंडरा आणि वर कातडी. त्यामुळे तेथे रक्तपुरवठा बेताचा आणि हाड जुळणे कठीण. शिवाय ते हाड बहुधा सरळ मोडत नाही, त्याच्या ठिकऱ्या होतात. माणसाला आपण खाटेवर निजवून ठेवू शकतो. घोडा फार वेळ पडून राहिला तर त्याच्याच भाराने त्याचे स्नायू आणि फुप्फुसे दबतात. तो उभा राहिला तर दुखऱ्या पायाचा भार चांगल्या पायावर जातो आणि काही दिवसांनी त्या चांगल्या पायाच्या खुरात दाह सुरू होतो. पशुवैद्य त्याला लॅमिनायटिस म्हणतात. यात खुराचे कवच आतल्या हाडापासून सुटू लागते आणि वेदना असह्य होतात. पुष्कळदा घोडा दगावतो तो मोडलेल्या पायाने नव्हे, तर धडधाकट पायाने.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतील बार्बरो नावाच्या शर्यतीच्या घोड्याचे आहे. ६ मे २००६ रोजी त्याने केंटकी डर्बी जिंकली. पुढे दोनच आठवड्यांनी, २० मे रोजी, प्रीकनेस शर्यतीत त्याच्या उजव्या मागच्या पायाचा चुरा झाला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात धातूची पट्टी आणि २७ स्क्रू घालून तो पाय सांधण्यात आला. पाय बराचसा सुधारला. पण जुलैत डाव्या मागच्या पायाला खुराच्या दाहाने ग्रासले. पैसा, विद्या आणि माया, कशाचीही कमतरता नव्हती. तरी आठ महिन्यांच्या झुंजीनंतर २९ जानेवारी २००७ रोजी त्याला वेदनामुक्त करावे लागले.

आपल्या देशातही २०१६ साली हेच दुःख सर्वांनी पाहिले. डेहराडून येथे १४ मार्च रोजी एका मोर्चाच्या गोंधळात उत्तराखंड पोलिसांच्या ‘शक्तिमान’ या पांढऱ्या घोड्याचा मागचा पाय मोडला. पाय कापावा लागला, त्याला कृत्रिम पाय बसवण्यात आला, लोक त्याला पाहायला येत, त्याच्यासाठी प्रार्थना करीत. २० एप्रिलला तो गेला. त्याच्या मृत्यूवर पुष्कळ राजकारण झाले. त्यात आम्हाला पडायचे नाही. मात्र एका मुक्या जनावरासाठी सारा देश महिनाभर हळहळला, ही गोष्ट लहान नव्हे.

पण केवळ शोककथा सांगण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. २० जुलै १९८२ रोजी लंडनच्या हाईड पार्कजवळ घोडदळाच्या तुकडीवर खिळे भरलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. चार सैनिक आणि सात घोडे प्राणास मुकले. सेफ्टन नावाचा एकोणीस वर्षांचा घोडा चौतीस जखमा अंगावर घेऊन उभा होता आणि त्याच्या मानेची मोठी शीर तुटली होती. तेथे काही शस्त्रक्रियागृह नव्हते. एका सैनिकाचा सदरा काढून त्या जखमेत दाबून धरण्यात आला आणि त्या सदऱ्याने रक्त थोपवले, म्हणूनच पुढची आठ तासांची शस्त्रक्रिया शक्य झाली. सेफ्टन पुन्हा कामावर रुजू झाला, १९८४ साली सेवानिवृत्त झाला आणि १९९३ साली, तीस वर्षांचा होऊन मरण पावला. लोकांनी त्याच्या नावे पाठवलेल्या पैशांतून पशुवैद्यक महाविद्यालयात शस्त्रक्रियेसाठी नवा विभाग उभा राहिला.

बार्बरोच्या वाट्याला उत्तम रुग्णालय आले आणि तो वाचला नाही. सेफ्टनचे प्राण प्रथम वाचवले ते एका सदऱ्याने. दोन जखमांची जात वेगळी होती हे खरेच. पण पहिल्या अर्ध्या तासाचे मोल यावरून ध्यानात यावे. मदत उशिरा आली तर आपली मराठी म्हण तयारच आहे: वरातीमागून घोडे.

या म्हणीची प्रचीती आम्हाला आमच्याच परिसरात आली. काही वर्षांपूर्वी वैशाखातील एका वरातीत फटाक्यांच्या माळेने एक घोडी बिथरली आणि संत्र्याच्या बगिच्याच्या काटेरी तारेत शिरली. छाती आणि पुढच्या पायाचा वरचा भाग फाटला होता. मालक हातावर पोट असलेला. त्याच्या घरची सहा माणसे त्या घोडीच्या चार पायांवर उभी होती. जमलेल्यांत कोणी राख आणा म्हणत होते, कोणी चुना, कोणी डिझेल. एका निवृत्त कंपाउंडरने सर्वांना मागे सारले, धुतलेले धोतर मागवले, त्याची जाड घडी जखमेवर दाबली आणि वर फडके घट्ट बांधले. मालक घोडीच्या तोंडाशी उभा राहून तिच्याशी बोलत राहिला. दीड तासाने डॉक्टर आले. हाड शाबूत होते. रात्री दिव्यांच्या उजेडात टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले.

खरी परीक्षा त्यानंतर होती. सरतेशेवटी जखम भरायला दोन महिने लागले आणि ऐन लग्नसराई बुडाली. औषधांचा खर्च वस्तीने वाटून घेतला. कोणी कडबा दिला, कोणी चणे. ज्याच्या घरचे लग्न होते त्यांनी ठरलेली बिदागी पुरी दिली. आमच्या शाळेतील मुले पाळीपाळीने माश्या वारायला जात. घोडी वाचली. ती थोडी लंगडते, छातीवर तारेचा वण आहे आणि फटाक्यांच्या वरातीला मालक तिला आता नेत नाही. एका घराची चूल मात्र विझली नाही.

या प्रसंगापासून आम्ही जाणकारांना विचारून काही गोष्टी टिपून ठेवल्या. त्या येथे देतो.

प्रथम स्वतःला सांभाळावे. वेदनेने बावरलेला घोडा मालकालाही लाथ मारतो. म्हणून ओळखीच्या माणसाने खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. सोबतीचे जनावर असल्यास त्याला दृष्टीआड नेऊ नये, कारण एकटेपणाने घोडा अधिक भेदरतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी दाबून धरावी. ती भिजली तर न काढता तिच्यावर दुसरी ठेवावी. घडी उचलून पाहण्याच्या मोहाने धरू लागलेले रक्त पुन्हा सुटते. खोल रुतलेला खुंट किंवा सळई आपण उपटू नये. रक्त थांबल्यावर जखम धुवायची झाल्यास एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात दोन लहान चमचे मीठ पुरे. हळद, राख, चुना, डिझेल, शेण यांतले काहीही घालू नये. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाला की वाचणे कठीण. म्हणून जखम लहान असली तरी इंजेक्शन चुकवू नये.

पाय मोडल्याची शंका असेल तर घोड्याला एक पाऊलही चालवू नये. खुरापासून वरपर्यंत कापसाचे किंवा गोधडीचे जाड थर गुंडाळून, बाहेरच्या आणि मागच्या बाजूने दोन फळ्या बांधाव्यात. मोडलेल्या जागेच्या खालचा आणि वरचा, दोन्ही सांधे बांधात यावेत. गाडीतून न्यायचे असेल आणि इजा पुढच्या पायाला असेल तर घोड्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करावे, म्हणजे ब्रेक लागताना दुखऱ्या पायावर भार येत नाही. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजावी. निरोगी घोड्याची नाडी विसाव्यात मिनिटाला तीस ते चाळीसच्या आसपास असते. ती साठ-सत्तरच्या पुढे गेली किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर वेळ थोडा आहे असे समजावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत.

मध्य प्रदेशात २०२३ पासून १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा वाहनाची सोय झाली आहे. मोठ्या शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी १९५८ साली स्थापन झालेले नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय आमच्या पांढुर्ण्याहून सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. सौंसरकरांना ते त्याहून जवळ. या गोष्टी संकटाच्या वेळी शोधायच्या नसतात. आधीच घरच्या भिंतीवर लिहून ठेवायच्या असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते तेव्हा रुग्णवाहिका आणि डॉक्टर आधीपासून सज्ज ठेवले जातात, कारण माणसे जखमी होणार हे आपल्याला ठाऊक असते. महामार्गावर आणि काटेरी तारांत जनावरे जखमी होणार, हेही आपल्याला ठाऊकच आहे.

एक कठीण प्रश्न उरतो. सर्व करूनही आशा नसेल तर? तेव्हा डॉक्टरांचे ऐकावे. घोडा उभा राहू शकत नाही, खात नाही, डोळे निस्तेज झाले आहेत आणि वेदना थांबवता येत नाहीत, अशा वेळी त्याला जगवण्याचा हट्ट हा कधी कधी आपल्याच मनाची समजूत काढण्याचा हट्ट असतो. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही असाध्य वेदनेतून सुटका करण्याची वाट ठेवली आहे. परंतु हा निर्णय खर्चाच्या भीतीने किंवा कंटाळ्याने होऊ नये. आधी दाबून धरलेली कापडाची घडी, आधी रात्रीची जागरणे, आणि मग तो निर्णय. हा क्रम चुकू नये एवढेच आमचे म्हणणे.

कोणी म्हणेल, माणसांनाच औषध मिळत नाही तेथे घोड्यांचे कौतुक कशाला? त्याला उत्तर आमच्या शेतशिवारातच आहे. पावसाळ्यात पऱ्हाटीत, गवतात साप चावतो. मग माणसाला दवाखान्यात नेतात आणि सलाईनमधून सर्पविषावरचे औषध देतात. ते औषध आपल्या देशात घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा देत जातात, त्याच्या रक्तात त्या विषाशी लढणारे द्रव्य निर्माण होते आणि तेच काढून, शुद्ध करून आपल्या शिरेत सोडले जाते. सौंसर-पांढुर्ण्याच्या कितीतरी घरांत आज कर्ता माणूस जेवायला बसतो तो कुठल्याशा अनोळखी घोड्याच्या रक्तामुळे. त्या ऋणाची परतफेड म्हणून, वाटेत एखादे जखमी जनावर दिसले, तर आपल्या अंगावरचा सदरा काढून द्यायला आपण संकोचू नये.