हुकमाबाहेरची धार

गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत शिशाचे जड एप्रन चढवलेली पाच मोठी माणसे एका अकरा महिन्यांच्या बालकाच्या लघवीची वाट पाहत तिष्ठत उभी आहेत, हे दृश्य पुण्यातील एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात मी स्वतः पाहिले नसते, तर सांगणाऱ्याने आपली थट्टा आरंभली आहे असेच मी समजलो असतो.

बालक माझ्या भाचीचे. खोकला नाही, पडसे नाही, दातांचे निमित्त नाही, आणि ताप मात्र १०३ पर्यंत, असे दीड महिन्यात दोनदा झाले. पहिल्या खेपेस त्वचेला चिकटवावयाच्या पिशवीत धरलेली लघवी तपासणीस गेली आणि तीत नाना जंतूंची सरमिसळ निघाल्याने तो अहवाल रद्दबातल ठरला. दुसऱ्या खेपेस बारीक नळीने थेट मूत्राशयातून नमुना घेतला, तेव्हा दोन दिवसांच्या कल्चरनंतर एकटा ई. कोलाय सापडला व औषध मुक्रर झाले. मग सोनोग्राफी. (‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही १९९४च्या कायद्याने आलेली पाटी त्याही खोलीत होती, आणि तिच्याखाली जन्मून वर्ष होत आलेला मुलगा जेलच्या गार स्पर्शाने किंचाळत होता.) उजव्या मूत्रपिंडातील पोकळी व तिच्याखालची मूत्रवाहिनी फुगलेली दिसली, आणि डॉक्टरांनी ‘एमसीयू’ची, म्हणजे लघवी चालू असताना करावयाच्या क्ष-किरण तपासणीची, तजवीज केली.

मूत्रवाहिनी मूत्राशयात सरळ उघडत नाही. ती त्याच्या भिंतीतून काही अंतर तिरपी जाते, आणि मूत्राशय भरू लागला की ताणलेली भिंतच तिला दाबून मिटवते, त्यामुळे खाली उतरलेले मूत्र पुन्हा वर चढत नाही. काही मुलांत हा भिंतीतला प्रवास आखूड पडतो, आणि मग मूत्र, व त्यात जंतू असतील तर तेही, मूत्रपिंडापर्यंत मागे जाते. डॉक्टरीणबाई कागदावर आकृती काढून हे समजावीत असता जुन्नरकडे द्राक्षबागा करणारे आमचे भाचेजावई एकदम म्हणाले, “म्हणजे फुटबॉल गळतोय म्हणा की!” बाई गोंधळल्या. विहिरीतल्या पाइपाच्या बुडाशी बसवलेल्या, पाणी मागे फिरू न देणाऱ्या झडपेला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात, हे मी सांगितल्यावर त्यांना उपमा पसंत पडली. एवढेच त्यांनी जोडले की, हा फुटबॉल मूल वाढते तसा पुष्कळदा आपला आपणच नीट बसतो.

तपासणीच्या दिवशी मुलाला टेबलावर निजवून मावशींनी त्याचे गुडघे धरले, सिस्टरनी जागा स्वच्छ करून, सुन्न करणारी जेली लावून, एरवी तान्ह्या बाळांना नाकातून दूध घालावयास वापरतात ती पाच नंबरची नळी मूत्रमार्गातून आत सरकवली. रडणे झाले, पण सर्वांत कठीण क्षण तो नव्हता. वर टांगलेल्या बाटलीतून पाण्यासारखे नितळ, आयोडीनयुक्त औषध थेंबाथेंबाने उतरू लागले. या वयात मुलाच्या वजनाच्या किलोंना सातने गुणावे म्हणजे मूत्राशयात किती मिलिलिटर मावेल याचा अदमास लागतो. आमच्या साडेआठ किलोंना साठाच्या आसपास. तेवढे गेले, आणि सारे थांबले. कारण मूत्र मागे जाते की नाही याचा पक्का पुरावा लघवी चालू असतानाच मिळतो, आणि लघवी ही गोष्ट लाखो रुपयांचे यंत्रही फर्मावू शकत नाही. किरणांचा खर्च वाचवण्यासाठी पडदा विझवलेला होता. भाची डोक्याशी वाकून “शूऽऽ, शूऽऽ” करीत होती. मावशींनी मांडीवर कोमट पाणी ओतले. कोणी बेसिनचा नळ सोडला. मुलगा रडणे थांबवून त्या नळाकडेच पाहू लागला.

“बोटं बघा,” बाई हळूच म्हणाल्या. उजव्या पायाचा अंगठा ताठ होऊन वर वळला, मागोमाग बाकीची बोटे फाकली. त्यांचा पाय पेडलवर गेला, पडदा उजळला, आणि धार सुटली. मुलाला किंचित कुशीवर वळवून आधी मूत्रमार्ग पाहिला, कारण मुलग्यांत तेथे जन्मजात पडदे असू शकतात. तो मोकळा होता. मग नजर वर गेली. डावी बाजू कोरी. उजवीकडे एक काळी रेघ दोराप्रमाणे चढत मूत्रपिंडात शिरली व तेथे पसरली. पाच प्रतींपैकी तिसरी, असे दप्तरात नोंदले गेले. सारा प्रकार चाळीस सेकंदांचा. टेबल भिजले होते, आणि त्याबद्दल मुलाची तारीफ चालली होती.

हा छळ आवश्यक होता काय, हा प्रश्न वैद्यकालाही पडला आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली दोन महिने ते दोन वर्षांच्या प्रत्येक मुलाला तापासह पहिला संसर्ग होताच ही तपासणी सांगितली होती. २०११ साली तिनेच तो शिरस्ता मोडून सोनोग्राफीत दोष आढळल्यास किंवा ताप पुन्हा उलटल्यास, एरवी नाही, असे ठरवले. मला हा माघारीचा कबुलीजबाब फार आवडतो. आमच्या पदरी दोन्ही कारणे होती, तेव्हा तक्रारीस जागा नव्हती.

रोज रात्री औषधाचा लहानसा डोस घेत पाच महिने गेले. संसर्गाने मूत्रपिंडावर व्रण ठेवला की नाही हे पक्के ठरावयास एवढा अवधी द्यावाच लागतो. मग डीएमएसए स्कॅन. शिरेतून टेक्निशियमची अत्यल्प मात्रा टोचली, जिचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, आणि अडीच तास हिंडवून, दूध पाजून, मुलगा गाढ झोपल्यावर त्याला चादरीत घट्ट गुंडाळून कॅमेऱ्यावर निजवला. येथे यंत्र किरण सोडीत नाही. मुलाच्या देहातून येणारे तेवढे टिपते. अंधाऱ्या पडद्यावर ठिपक्याला ठिपका मिळत दोन घेवड्याचे दाणे सावकाश भरू लागले, डावा सगळीकडे सारखा, उजवा वरच्या टोकाशी जरा मुका. भाची बराच वेळ त्या टोकाकडे पाहत राहिली.

“तिथे अजून भरायचंय ना?” तिने विचारले.

तंत्रज्ञाने घड्याळ पाहिले, आणि मुलाच्या खांद्यावरून घसरलेली चादर पुन्हा नीट खोचली.