घटिकार कुंभाराची माती आणि आपल्या विटा

पुणे शहर पूर्वेकडे सरकते आहे, तशी हवेली, दौंड, शिरूर पट्ट्यातल्या मातीला आणि वाळूला मागणी वाढते आहे. पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या कासुर्डीसारख्या गावांपुढे म्हणून एक प्रश्न उभा आहे : भाजायची माती आणायची कुठून आणि घ्यायची किती?

आपण साधा हिशोब करू. एक वीट साधारण ३ किलोची धरली, तर एक लाख विटांना ३०० टन माती लागते. शेताचा वरचा अर्धा फूट थर खरवडला, तर एवढ्या मातीसाठी सुमारे १३ गुंठे रान जाते. पिकाचे पोषण याच थरात असते, आणि तो इंचभर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. माती विकणाऱ्याला पैसे एकदाच मिळतात. घटलेले उत्पन्न मात्र पुढची पिढी भोगते. खड्ड्यात पाणी साचते, शेजाऱ्याचा बांध ढासळतो.

भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला. ज्या समाजाने जमिनीसाठी तुरुंग भरले, त्याने हातातल्या एक-दोन एकरांची माती ट्रॅक्टरने जाऊ द्यावी का?

मज्झिम निकायातील घटिकार सुत्तात याच प्रश्नाचे उत्तर सापडते. घटिकार कुंभार कुदळीने किंवा हाताने जमीन खणत नसे. नदीकाठची ढासळलेली, उंदरांनी उकरलेली माती आणून तो भांडी करी आणि अंध आईवडिलांना सांभाळी. विनयपिटकात धनिय या कुंभारपुत्र भिक्खूची गोष्ट आहे. त्याने मातीची अख्खी कुटी बांधून ती भाजून काढली. जीवजंतूंची हिंसा होते म्हणून तथागतांनी ती मोडायला लावली. माल किती सुबक झाला एवढेच पाहू नये, तो मिळवताना काय मोडले तेही पाहावे, हा त्यातला बोध.

कायदाही आज हाच फरक करतो. गौण खनिजांच्या ५ हेक्टरखालील खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपककुमार प्रकरणात सांगितले. केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने कुंभारांनी रूढीप्रमाणे हाताने काढलेल्या मातीला मात्र या मंजुरीतून सूट दिली. म्हणून चाकावरचा कुंभार आणि जेसीबी यांना एकाच मापाने मोजू नये.

भट्ट्या बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. तिथे राबणाऱ्यांत आपलीही माणसे आहेत. पण पर्याय आहेत. औष्णिक वीज केंद्रांची राख विटांसाठी वापरून सुपीक माती वाचवावी, यासाठी केंद्राने १४ सप्टेंबर १९९९ रोजीच अधिसूचना काढली. राखेच्या विटांच्या कारखान्यातही हातांना काम मिळते. तलावातला गाळ ही आजची ‘ढासळलेली माती’. राज्याने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तेव्हा त्यावर पहिला हक्क शेताचा.

आता गावोगावी विहारे आणि घरकुले उभी राहत आहेत. विटांची ऑर्डर देताना बांधकाम समितीने भट्टीवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात : माती कुठली, परवाना आहे का, राखेच्या विटा मिळतील का? गायरान उकरले जात असेल, तर ग्रामसभेत विषय घ्यावा आणि तहसीलदारांना लेखी निवेदन द्यावे. विहाराच्या भिंतीसाठी कुणाचे रान उघडे पडू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.