आवृत्ती संपवायची कोणी?

मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती पूर्वी साधारण हजार प्रतींची असायची. आता बरेच प्रकाशक पाचशेवर, काही तर तीनशेवर थांबतात. ३०० रुपयांचं पुस्तक आणि छापील किमतीवर दहा टक्के मानधन असा हिशेब धरला, तर एका प्रतीमागे लेखकाला ३० रुपये मिळतात. पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तर १५ हजार. कादंबरीवर तीन वर्षं घालवलेल्या माणसाला हे सांगताना वाईट वाटतं. पण लेखनावर काही उभं करायचं असेल तर हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

आवृत्ती खपवणं प्रकाशकाचं काम, लेखकानं त्यात पडणं कमीपणाचं, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. आपली परंपरा मात्र वेगळंच सांगते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव एकत्र कथाकथन करत फिरले. ‘धिंड’ किंवा ‘माझ्या बापाची पेंड’ ही कथा लेखकाच्या तोंडून ऐकली की ज्यानं उभ्या आयुष्यात पुस्तक विकत घेतलं नाही, त्यालाही तो लेखक आपला वाटायचा. वपु काळे त्यापुढे गेले. त्यांच्या कथाकथनाच्या कॅसेट निघाल्या आणि त्यांचा आवाज घराघरांत पोचला. यातल्या कुणाच्याही साहित्याची प्रत त्यामुळे उणावली नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: माडगूळकर आकाशवाणीत होते, मिरासदार प्राध्यापक होते, वपु मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते. नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक व्हा, हा सल्ला मी आजही कुणा नवोदिताला देणार नाही.

कथाकथनाचे ते दिवस गेले असं कुणी म्हणेल. पण तालुक्याच्या वाचनालयातला एखादा कार्यक्रम आजही पाहावा. समोर चाळीस माणसं, त्यांत निम्मे निवृत्त शिक्षक. लेखक पुस्तकातली चार पानं नीट, सावकाश वाचतो. मग प्रश्न सुरू होतात आणि ते बहुधा गावाबद्दल, पात्राबद्दल, ‘हे खरंच घडलं का’ याबद्दल असतात. दाराशी टेबलावर पुस्तकं मांडलेली असतात. दहा-बारा प्रती तिथेच जातात, ग्रंथपाल दोन वाचनालयासाठी ठेवून घेतो आणि शेजारच्या गावच्या व्याख्यानमालेचा माणूस लेखकाचा फोन नंबर मागतो. महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या हजारोंत आहे. एवढं मोठं जाळं हाताशी असताना पुण्या-मुंबईत एक प्रकाशन समारंभ करून थांबणं म्हणजे पेरणी करून शेताकडे पाठ फिरवणं.

दुसरी वाट दिवाळी अंकांची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक घडवण्यात या अंकांचा वाटा मोठा आहे. आजही संपादक आणि प्रकाशक नवं नाव हेरतात ते इथेच. मात्र कथा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हातावेगळी करून पाठवायला हवी. गणपतीनंतर आलेल्या मजकुराला जागा मिळणं कठीण. समाजमाध्यमांवर जरूर लिहावं, पण तिथे रोज स्वतःच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकण्यापेक्षा आठवड्यातून एक चांगला परिच्छेद टाकलेला वाचकाच्या लक्षात राहतो.

आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट: करारनामा. पुस्तक येतंय या आनंदात अनेक लेखक तो न वाचताच सही करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. पण ‘सर्व माध्यमांतले सर्व हक्क, कायमस्वरूपी’ अशी ओळ आत असेल तर पाच वर्षांची ही सवलत उरत नाही. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते वेगवेगळेच द्यावेत. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठी ऑडिओबुकला बाजार मिळाला. हा हक्क ज्यांच्या हाती होता, त्यांना त्याचा मोबदला मागता आला. सुहास शिरवळकर २००३ मध्ये गेले. त्यांच्या ‘दुनियादारी’वर चित्रपट आला २०१३ मध्ये आणि एका नव्या पिढीनं कादंबरी हाती घेतली. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो, म्हणजे शिरवळकरांच्या लेखनावरचा हक्क २०६३ अखेरपर्यंत जिवंत आहे. सही करताना लेखक आपल्या नातवंडांच्या वतीनंही सही करत असतो.

पदरचे पैसे घालून पुस्तक काढणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावं. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. त्याच्या नावाखाली कुणी वेगळे पैसे लावत असेल तर विचारणा करा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे आधी हस्तलिखित पाठवा. आणि करारनामा हाती आला की चार दिवस मागून घ्या, जाणकाराला दाखवा, मगच सही करा. चार दिवस थांबायला नकार देणारा प्रकाशक तुमच्या कामाचा नाही.