सर्दीची भाऊबंदकी

“आत्ताच तर बरं झालं होतं, लगेच परत नाक गळायला लागलं!” बारामती-इंदापुरातल्या लेकुरवाळ्या घरात ही तक्रार बारमाही. भिगवणला रोहित पक्षी तरी हंगाम बघून उतरतात, सर्दीला तेवढंही सोयरसुतक नाही. पण खरं सांगायचं तर परत आलेली ती पहिली सर्दी नसते. बहुतेक वेळा तिचा चुलतभाऊ आलेला असतो.

सर्दीचा मुख्य विषाणू ऱ्हायनोव्हायरस. ए, बी, सी अशी त्याची तीन घराणी आणि मिळून १६० हून जास्त प्रकार. एकाला शरीराने ओळखलं, तरी दुसरा खुशाल आत शिरतो. पोलिओचा विषाणूही याच कुळातला, पण त्याचे प्रकार तीनच, म्हणून लस जमली. सर्दीच्या लसीचं घोडं अडलंय ते या गोतावळ्यापाशी!

एवढे प्रकार आले कुठून? या विषाणूचा सगळा मजकूर आरएनएच्या जेमतेम ७,२०० अक्षरांचा. त्याची नक्कल होताना चुका होतात आणि त्या तपासायला कुणी नसतं. पोराच्या नाकातला स्वॅब घेऊन या मजकुराचा एक तुकडा वाचला, की प्रकार कळतो. कधीकधी एकाच नाकात दोघे सापडतात.

सगळ्यांत लबाड सी. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींवर तो वाढतच नाही, त्यामुळे २००६ पर्यंत त्याचा पत्ताच नव्हता. ॲडमिट झालेल्या लहानग्यांत ए आणि सी वारंवार भेटतात, बी क्वचित. छातीत घरघर लावण्यात सी पटाईत. अँटिबायोटिकला यांपैकी कुणीच भीक घालत नाही. श्वास घेताना पोराचं पोट उडत असेल, तर मात्र वाफाऱ्यावर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

आणि आजीचं ‘ओल्या केसांनी फिरू नकोस’? इंग्लंडात सॅलिस्बरीच्या सर्दी-केंद्रात (१९४६ ते १९९०) स्वयंसेवकांना चक्क ओलेत्याने वाऱ्यात उभं केलं होतं. त्यांना सर्दी काही जास्त झाली नाही. अर्थात आजी अगदीच चुकीची नाही. हा विषाणू सहसा जास्त फोफावतो तो ३३ अंशांच्या आसपास, म्हणजे गार नाकात.

आणि हो, या गोतावळ्यातल्या प्रकारांना सापडतील तसे नंबर दिले गेले. त्यातला ८७ नंबरचा पुढे भलत्याच घरचा निघाला. तो एन्टेरोव्हायरस डी-६८ होता, म्हणून नाव कापलं.