डिसोझा, नेव्हिल

(३ जुलै १९३२–१६ मार्च १९८०). भारतीय फुटबॉलपटू. मेलबर्न येथील ऑलिंपिक क्रीडासामन्यांत (१९५६) ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे आघाडीचे खेळाडू म्हणून ते विशेष प्रसिद्ध आहेत. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल नोंदविणारे पहिले आशियाई खेळाडू, असा त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांचे कुटुंब मूळचे गोव्यातील बारदेस तालुक्यातील आसगावचे. खेळाडू म्हणून त्यांची जडणघडण मात्र मुंबईत झाली. टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांकडून ते खेळले.

डिसोझा यांच्या कारकीर्दीचे स्वरूप कळण्यासाठी त्या काळातील मुंबईच्या फुटबॉलची व्यवस्था ध्यानात घेणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघटनेने १८८५ मध्ये धंदेवाईक खेळास मान्यता दिली व १८८८ मध्ये बारा संघांची साखळी स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून तेथे फुटबॉल हे उपजीविकेचे साधन बनले. गोल करण्याचे कसब असलेला आघाडीचा खेळाडू एका संघाने दुसऱ्या संघास रक्कम घेऊन द्यावा, त्याने पाचसहा गावांतील संघांतून खेळावे आणि त्यावर आपला संसार चालवावा, ही तेथील नित्याची गोष्ट होती. अशा खेळाडूला फार मोकळीक होती असे मात्र नाही. १९०१ पासून त्याच्या आठवड्याच्या वेतनावर चार पौंडांची कमाल मर्यादा होती. ती वाढत जाऊन वीस पौंडांवर आली असता १९६१ मध्ये रद्द झाली. करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवण्याच्या संघाच्या अधिकाराला जॉर्ज ईस्टहॅम खटल्याच्या निकालाने (१९६३) धक्का बसला.

मुंबईत असा धंदा उभा राहिला नाही. येथे खेळाडूचा आश्रयदाता म्हणजे कंपनी. टाटा, कॅलटेक्स, रेल्वे आणि पुढे मफतलाल, महिंद्र इ. संस्थांनी आपापले संघ बाळगले. खेळाडू त्या संस्थेत नोकरीस लागे. वेतन कर्मचारी म्हणून घेई व सायंकाळी कूपरेज मैदानावर संस्थेच्या रंगाचा सदरा घालून खेळे. संघ बदलणे म्हणजे बहुधा नोकरी बदलणे होय. या व्यवस्थेत मोठी प्राप्ती नव्हती; परंतु खेळ संपल्यावर उपजीविकेचा प्रश्न सुटलेला असे. इंग्लंडमधील भटक्या धंदेवाईक खेळाडूला नेमकी हीच शाश्वती नव्हती. शिवाय असा नोकरदार खेळाडू नियमाने हौशी ठरत असल्याने ऑलिंपिकचे दार, जे इंग्लंडच्या धंदेवाईक खेळाडूंना बंद होते, ते त्याला खुले राहिले.

मुंबईच्या खेळाडूंची वार्षिक कसोटी म्हणजे १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा. तीत कलकत्ता, हैदराबाद, बंगलोर येथील बलाढ्य संघ भाग घेत. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक जिंकला. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या संतोष चषकावर १९५४ मध्ये मुंबईने नाव कोरले; त्या संघात डिसोझा होते. मेलबर्नला गेलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक रहीमच होते. समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी हे कर्णधार, उजव्या बगलेवर प्रदीपकुमार बॅनर्जी आणि आघाडीच्या मध्यभागी डिसोझा अशी या संघाची रचना होती.

हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारतास पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. डिसोझा यांनी नवव्या मिनिटास पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो याने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास डिसोझा यांनी पुन्हा आघाडी मिळविली आणि मध्यंतरापूर्वी मॉरोने तीही फेडली. पन्नासाव्या मिनिटास डिसोझा यांचा तिसरा गोल झाला. शेवटी कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल केला व भारत ४–२ असा विजयी झाला. या विजयामुळे ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारे भारत हे पहिले आशियाई राष्ट्र ठरले.

४ डिसेंबर रोजी युगोस्लाव्हियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. बावन्नाव्या मिनिटास डिसोझा यांनीच गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. ती दोनच मिनिटे टिकली. पुढील तेरा मिनिटांच्या आत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले. नंतर एका स्वयंगोलाची भर पडून भारत १–४ असा पराभूत झाला. तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना ७ डिसेंबर रोजी बल्गेरियाने ३–० असा जिंकल्याने भारताचे कांस्यपदक हुकले. चार गोलांसह डिसोझा हे युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्या बरोबरीने स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

या यशानंतरही डिसोझा यांचे कार्यक्षेत्र मुंबईच राहिले. १९५८ मध्ये कॅलटेक्सने कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग संघास हरवून रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाच्या आघाडीत डिसोझा होते. वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

आघाडीच्या मधल्या खेळाडूचे मोल गोलांच्या संख्येवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. डिसोझा यांच्या मेलबर्नमधील चार गोलांपैकी प्रत्येक गोल बरोबरीच्या स्थितीत झाला आणि प्रत्येक वेळी त्याने भारताला आघाडी मिळाली, ही गोष्ट संख्येपेक्षा अधिक बोलकी आहे. मात्र हे गोल चार दिवसांच्या आत झाले. उरलेली कारकीर्द कूपरेजवरील कंपन्यांच्या सामन्यांत खर्ची पडली. या व्यवस्थेने खेळाडूला निर्वाह दिला, पण त्याच्या खेळाला मोठी बाजारपेठ किंवा दूरवरचा प्रेक्षक दिला नाही.

ती व्यवस्थाही पुढे मोडली. कॅलटेक्सचा भारतातील व्यवसाय शासनाने १९७६ मध्ये ताब्यात घेतला आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९९६ मध्ये सुरू झाल्यावर खेळाडूंची ये-जा व मोबदला वाढला. रोव्हर्स चषक स्पर्धा २००१ नंतर बंद पडली आणि महिंद्रचा संघ २०१० मध्ये विसर्जित झाला. भारतीय पुरुष फुटबॉल संघ १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर या क्रीडासामन्यांसाठी पात्र ठरलेला नाही. त्यामुळे कचेरीतील नोकरी सांभाळून खेळणाऱ्या एका मुंबईकर खेळाडूची मेलबर्नमधील कामगिरी भारतीय फुटबॉलच्या इतिहासात अद्याप एकमेव राहिली आहे.